बर्फीच्या जाहिरातीखाली झाकलेला जिल्हा

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही स्कॉटलंडवर पूर्ण पान छापलं, वाचलं, दोनदा वाचलं. फोटो झकास आहेत, किल्ट घालून बाजा फुंकणारा माणूस, लॉख नेसचं तळं, व्हिस्कीची भट्टी, एडिनबऱ्याचा किल्ला, सगळं आलं, बाजूला नकाशा दिला हे तं फारच बरं केलं, पण त्या नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर, जिथं स्कॉटलंड संपून इंग्लंड सुरू होतं, नेमकी तिथंच तुमच्या लोकांनी संत्रा बर्फीची जाहिरात चिटकवली. बर्फीला माझा विरोध नाही. पण त्या बर्फीखाली जो तुकडा झाकला गेला ना साहेब, त्या अख्ख्या देशात नागपूरकराचं ज्याच्याशी खरं घेणंदेणं आहे तो तोच होता. बेरिकशायर. स्पेलिंगमध्ये डब्ल्यू आहे पण तो कोणी उच्चारत नाही, मी पहिल्या दिवशी बर्विकशायर म्हटलं तं जावई हसला.

आधी माझं सांगतो म्हणजे हा कोण शहाणा असं वाटायला नको. मी कोळशाच्या खाणीत ३१ वर्षं सर्वेअर होतो, आता रिटायर. मुलगी जावई एडिनबऱ्याला असतात, २०२३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं नवराबायको तिकडं गेलो होतो. बायको हिस्लॉप कॉलेजची, बीए. आणि नागपुरात तुम्ही रिक्षावाल्याला नुसतं हिस्लॉप म्हणा, तो सिव्हिल लाइन्सच्या गेटवर नेऊन सोडते, पण हा हिस्लॉप कोण, कुठला, असं विचारलं तं दहातले नऊ जण म्हणतील कोणी इंग्रज असेल. मलाही कित्येक वर्षं तो १८१७ साली महिदपूरची लढाई लढलेला जनरल हिस्लॉप वाटायचा. तो वेगळा, सर थॉमस. आपला तो स्टीफन हिस्लॉप, आणि तो इंग्रज नव्हता, स्कॉटिश होता, जन्म ८ सप्टेंबर १८१७, गाव डन्स, जिल्हा बेरिकशायर. आता तारीख बघा, तो पाळण्यात अडीच महिन्यांचा होता तेव्हा इकडं सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढून राहिली होती.

तर मी जावयाला म्हटलं बाबा किल्लेबिल्ले नंतर, आधी मला डन्सला ने. त्याला ते गाव माहीत नव्हतं. तिथं राहून सात वर्षं झाली त्याला!

हा जिल्हा समजून घ्यायचा तं आधी त्याच्या नावातली गंमत बघा. जिल्ह्याचं नाव ज्या शहरावरून पडलं ते बेरिक शहर त्या जिल्ह्यातच नाही, त्या देशातच नाही. म्हणजे समजा नागपूर जिल्हा महाराष्ट्रात आहे आणि नागपूर शहर मात्र पांढुर्ण्याच्या पलीकडं मध्य प्रदेशात, असा प्रकार. ट्वीड नदी समुद्राला मिळते तिथं हे बेरिक बंदर, एके काळी स्कॉटलंडचं सगळ्यात पैसेवालं बंदर, लोकर इथून जायची, म्हणून दोन्ही राजांचा डोळा त्याच्यावर. १२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डनं ते कापून काढलं आणि तिथून पुढं दोनशे वर्षं ते चेंडूसारखं इकडून तिकडं, तेरा वेळा मालक बदलला असं म्हणतात, शेवटी १४८२ ला इंग्लंडकडं गेलं ते गेलंच. मागं राहिलेल्या जिल्ह्याला मुख्यालयच उरलं नाही, मग कधी डन्स कधी ग्रीनलॉ असं चाललं, आणि १९७५ मध्ये नवी रचना आली तेव्हा जुना जिल्हाच मोडीत काढला, आता कागदावर तो स्कॉटिश बॉर्डर्समध्ये जमा आहे. पण लोक अजून बेरिकशायरच म्हणतात. १९५६ ला राजधानीचा मान गेला तेव्हापासून ज्या गावात दर हिवाळ्यात त्याचंच बोलणं निघते त्या आपल्या नागपूरच्या माणसाला हे समजवून सांगायला नको.

आणि अजून एक, तिथला फुटबॉल क्लब बेरिक रेंजर्स, मैदान इंग्लंडात आणि खेळणार स्कॉटलंडच्या स्पर्धांत.

आता जमीन. नागपूर जिल्ह्याच्या साधारण आठव्या भागाएवढा हा जिल्हा, बाराशे चौरस किलोमीटरच्या आतच. उत्तरेला लॅमरम्यूरचे डोंगर, डोंगर म्हणजे काय, सगळ्यात उंच टोक ५३५ मीटर, आपल्या रामटेकच्या गडावरून पाहणाऱ्याला त्याचं कौतुक वाटणार नाही, पण वर झाड नाही, नुसतं हेदरचं खुरटं झुडूप, मेंढ्या आणि वारा, आता पवनचक्क्यापण. त्या डोंगरापासून खाली ट्वीडपर्यंत जो सपाट सखल पट्टा आहे त्याला मर्स म्हणतात. बर्फयुगात हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती, त्यावर गहू आणि जवाची शेतं, कुंपणाला दगडाच्या भिंती नाहीतर हिरव्या झुडपांच्या रांगा. मधून दोन नद्या वाहतात, ब्लॅकॲडर आणि व्हाइटॲडर, काळी आणि पांढरी, ॲलन्टन नावाच्या गावाशी दोघी मिळतात आणि पुढं ट्वीडमध्ये जातात. बायको म्हणाली कामठीला कन्हान, पेंच, कोलार मिळतात तसंच की, फक्त इथं पूल स्वच्छ आहे. यावर मी काही बोललो नाही.

या मर्समध्येच शेतकऱ्यांच्या कामाची एक मोठी गोष्ट झालेली आहे आणि आपल्या विदर्भात ती कोणाला ठाऊक नसावी याचं मला नवल वाटते. १७६० च्या दशकात जेम्स स्मॉल नावाच्या तिथल्याच कारागिरानं ब्लॅकॲडर माउंट इथं नांगराचा कारखाना टाकला. त्याच्या आधी एका नांगराला बैलांची लांबच लांब रांग आणि दोनतीन माणसं लागायची, यानं फाळाचा आणि माती पालटणाऱ्या पात्याचा आकार असा बसवला की दोन घोडे आणि एक माणूस पुरे. एवढंच. पण एवढ्यानं शेतीचं गणित बदललं, शेतं मोठी झाली, छोटी कुळं उठली.

मग मजूर कुठून आणायचे, तं त्यांनी काढलं सालदार. अक्षरशः आपल्यासारखं सालदार साहेब. आपल्याकडं पाडव्याला सालगडी ठरतो तसे तिथं वसंतात मजुरांचे बाजार भरायचे, वर्षाचा करार, राहायला घर, धान्य, बटाटे, गाईचा चारा, सगळं मजुरीत धरून. त्या लग्न झालेल्या गड्याला हाइंड म्हणत, आणि त्याच्यावर अट अशी की त्यानं सोबत एक बाई कामाला द्यायची, बायको नाहीतर बहीण नाहीतर स्वतःच्या खर्चानं ठेवलेली परकी पोरगी, तिला बाँडेजर म्हणायचे. मोठी गवती टोपी, डोक्याला रुमाल, पट्ट्यापट्ट्याचा घागरा, असे तिचे जुने फोटो आहेत. निंदण, सलगमाची खणणी, शेणखत पसरणं, सगळं तिच्याकडं. आणि मे महिन्यात करार संपला की बैलगाडी नव्हे पण घोडागाडीवर खाट, कोंबड्या, पोरं टाकून दुसऱ्या मालकाच्या दारात. फोटोतल्या त्या बायांकडं बघताना बायको बराच वेळ बोलली नाही, तिचे आजोबा काटोलकडं सालदार होते.

आता मुद्द्याचं, म्हणजे माझ्या मुद्द्याचं. गोटे.

डन्सपासून थोड्याच अंतरावर स्लायहाउसेस नावाचं शेत आहे. तिथं भूगर्भशास्त्राचा बाप मानला जाणारा जेम्स हटन राहायचा, एडिनबऱ्याचा माणूस, शिकला डॉक्टरकी, केली शेती, १७५० च्या दशकात या बापाच्या शेतावर येऊन राहिला आणि दहाबारा वर्षं चिखलात पाय घालून खरोखरची शेती केली. पावसात आपली माती नाल्यानं वाहून जाऊन राहिली हे कोणत्या शेतकऱ्याला दिसत नाही, पण याला प्रश्न पडला की अशी रोज जमीन झिजतच गेली तं आतापर्यंत सगळं सपाट होऊन समुद्रात जायला पाहिजे होतं, अजून शेतं शिल्लक आहेत म्हणजे कुठंतरी नवी जमीन वर येऊन राहिली असणार, आणि हे सगळं व्हायला किती काळ लागेल, त्या वेळेला तं लोक पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं समजत होते. पुढं तो एडिनबऱ्याला गेला, मोठमोठ्या विद्वानांत बसला, पण पुरावा सापडला तो परत याच जिल्ह्याच्या किनाऱ्यावर. १७८८ मध्ये जॉन प्लेफेअर आणि सर जेम्स हॉल या दोघा विद्वान मित्रांना घेऊन होडीतून किनाऱ्याकिनाऱ्यानं जाताना त्यांना सिकार पॉइंट लागला.

आम्ही होडीनं नाही, गाडीनं गेलो, एडिनबऱ्याहून तासभर. गाडी ठेवायची जागा एका भाज्या पॅक करायच्या कारखान्याजवळ, सगळीकडं पत्ताकोबीचा वास, मग शेतातून पायवाट, एक पडकं चर्च, मेंढ्या, आणि समुद्रावरून येणारं गार धुकं. त्या धुक्याला तिथं हार म्हणतात. जूनमध्ये, आपल्याकडं माणूस भाजून निघतो त्या दिवसांत, मी स्वेटरवर जर्किन घालून उभा होतो. मग धुकं जरा उठलं आणि खाली दिसलं.

कसं सांगू. पानठेल्यावर तो भाऊ ताटात पाण्याच्या फडक्यावर विड्याची पानं उभी, एकाला एक चिटकून लावून ठेवतो ना, तसे करडे खडक, थर न् थर उभे, जवळपास नव्वद अंशात. आणि त्यांच्या डोक्यावर कोणी लाल फरशा थोड्या तिरक्या आणून ठेवाव्यात तसे लाल वालुकाश्माचे थर. मध्ये सांधा. बस, एवढंच आहे तिथं. खालचे उभे थर साधारण ४३ कोटी वर्षांपूर्वीचे, समुद्राच्या तळाशी चिखल आडवा साचला, त्याचा खडक झाला, मग दोन भूखंडांच्या रेट्यात तो चुरगळून उभा झाला, समुद्रातून वर आला, त्याचा डोंगर झाला, तो डोंगर वाऱ्यापावसानं झिजून सपाट झाला, आणि मग त्या झिजलेल्या माथ्यावर ३७ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी लाल रेती आणून टाकली, तिचा खडक झाला, तोही पुढं कलला. म्हणजे तो जो सांधा आहे, जिथं मी नखानं रेघ ओढू शकत होतो, त्या रेघेत सहा कोटी वर्षांच्या वर हिशोब गायब आहे. प्लेफेअरनं लिहून ठेवलं आहे की काळाच्या त्या खोल दरीत बघताना त्याला गरगरलं. खाणीत मी असे सांधे पाहिले, कागदावर तुटक रेघ मारून पुढं अनकन्फॉर्मिटी, म्हणजे मधला काळ गायब, असं लिहायचं आणि जेवायला जायचं, ३१ वर्षं. तिथं मात्र मी त्या ओल्या गवतात बसून राहिलो. बायको वरून ओरडली, एवढ्या लांबून गोटेच पाहायला आणलं का मला, मग स्वतःच खाली आली, आणि खरं सांगतो, जास्त वेळ तीच थांबली.

मग डन्स. तीन हजाराच्या आतबाहेर वस्तीचं गाव, एक चौक, दोन पानठेले असते तं सावनेरचा तुकडा म्हणून खपलं असतं. पण गावचं ब्रीदवाक्य काय, तं डन्स सगळ्यांवर भारी! जुनं गाव डन्स लॉ नावाच्या टेकडीच्या उतारावर होतं, १५४० च्या दशकात इंग्रजांच्या फौजांनी ते जाळलं, मग लोकांनी खाली सपाटीवर नवं वसवलं. त्याच टेकडीवर १६३९ मध्ये राजानं आमच्या चर्चमध्ये ढवळाढवळ करू नये म्हणून स्कॉट लोकांची फौज तळ ठोकून बसली होती. शाळेत आम्हाला एक मास्तर डन्स म्हणायचे, म्हणजे ढ, ती शिवी याच गावावरून आली आहे, तेराव्या शतकातला मोठा तत्त्ववेत्ता जॉन डन्स स्कोटस या गावचा मानला जातो, पुढं सोळाव्या शतकात नव्या विचाराच्या लोकांना त्याचे चेले जुनाट आणि हेकट वाटायचे म्हणून ते अशा माणसाला डन्स म्हणायला लागले. पार्कात त्याचा पुतळा आहे. आणि बाजारात अजून एक पुतळा आहे, अस्वलाचा. त्याचं नाव वोइटेक, दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिकांनी पाळलेलं अस्वल, इटलीतल्या माँटे कॅसिनोच्या लढाईत त्यांच्यासोबत होतं, महायुद्ध संपल्यावर ती पलटण जवळच्याच विनफील्डच्या छावणीत राहिली तेव्हा हेही सोबत आलं, मग १९४७ ला एडिनबऱ्याच्या झूमध्ये गेलं. माझ्या बायकोकडं डन्सचे अकरा फोटो आहेत, त्यातले आठ अस्वलाचे.

पण या गावातून आणि आजूबाजूच्या पाचपंधरा किलोमीटरमधून किती माणसं निघाली ते बघा. चर्नसाइडजवळ नाइनवेल्समध्ये तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमचं घराणं. एड्रमजवळचा रॉबर्ट फॉर्च्यून, हिस्लॉपपेक्षा पाच वर्षांनी मोठा, ज्यानं चीनमधून चहाची रोपं आणि कारागीर काढून हिमालयातल्या मळ्यांसाठी आणले. रेसिंगवाला जिम क्लार्क, १९६३ आणि १९६५ चा वर्ल्ड चॅम्पियन, चर्नसाइडजवळच्या शेतावर वाढला, १९६८ ला जर्मनीत रेसमध्ये गेला, त्याच्या थडग्यावर पहिला शब्द शेतकरी आहे, चॅम्पियन नंतर.

आणि आपला हिस्लॉप. लहानपणापासून किडे, झाडं, दगड यांचा नाद. हटन त्याच्या जन्माच्या वीस वर्षं आधीच वारला होता तेव्हा कोणी कोणाला शिकवलं असं मी म्हणून राहिलो नाही, पण ज्या गावाच्या एका बाजूला ते शेत आणि दुसऱ्या बाजूला तो किनारा त्या गावचं पोट्टं १८४५ मध्ये मिशनरी म्हणून भोसल्यांच्या नागपुरात येते आणि येऊन काय करते तं सीताबर्डीच्या टेकडीत, टाकळीच्या नाल्यात, सिल्लेवाड्याच्या दगडांत हातोडी घालते. मिशनरी होता, धर्माच्या कामालाच आला होता, त्यावर कोणाला भांडायचं असेल तं भांडावं, मी त्या वादात नाही. मी दगडाचा माणूस. टाकळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधोमध त्याला गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे, फळाबियांचे जीवाश्म सापडले, म्हणजे लाव्हा एकदम नाही आला, थांबून थांबून आला, आणि मधल्या काळात इथं तळी होती, झाडं होती, जनावरं होती. १८५५ मध्ये त्यानं आणि त्याच्या सोबतच्या रॉबर्ट हंटरनं नागपूरच्या भूगर्भावरचा लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापला. कामठीच्या वालुकाश्मातल्या ज्या दगड झालेल्या पानांवरून, ग्लॉसोप्टेरिस वगैरे जुन्या झाडांच्या, आम्ही खाणवाले नंतर कोळशाचे थर ओळखत फिरलो ती पानं या माणसानं आमच्या शंभर वर्षं आधी गोळा करून विलायतेला पाठवली होती. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावाचं आहे. गोंड लोकांची लिंगोची मोठी कथा त्यानं ऐकून लिहून घेतली, ती त्याच्या मरणानंतर १८६६ मध्ये तेव्हाचा इथला चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पलनं छापली.

मरणही बघा कसं. ४ सप्टेंबर १८६३, टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला होता, आपल्या बुटीबोरीकडची, हजारो वर्षं जुनी, मोठमोठे गोटे गोल मांडून केलेली. संध्याकाळी घोड्यावर बोरीकडं परतताना पावसानं फुगलेल्या नाल्यात वाहून गेला. चार दिवसांनी सेहेचाळीस पुरे झाले असते. मी डन्सजवळच्या कॉकबर्न लॉ नावाच्या टेकडीवर एडिन्स हॉलचा ब्रॉक पाहिला, हाही तसाच प्राचीन, चुना न लावता दगडावर दगड रचलेली गोल गढी, भिंतच पाच मीटर जाड, असल्या ब्रॉक स्कॉटलंडच्या उत्तरेत खूप, दक्षिणेत फार थोड्या. तिथं चढताना सारखं टाकळघाट डोक्यात येत होतं.

पुराचं निघालं म्हणून सांगतो. बारीक नाले किती बेमुर्वत असतात हे त्या जिल्ह्यालापण माहीत आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये असा पाऊस पडला की आय नावाच्या एका लहानशा नदीनं एडिनबरा लंडन मेन लाइनचे सात पूल खाल्ले, गाड्या महिनोन् महिने दुसरीकडून वळवल्या. डन्सवरून जाणाऱ्या आतल्या लाइनचाही पूल गेला तो परत बांधलाच नाही, आणि १९५१ ला डन्सची पॅसेंजर कायमची बंद. आता जवळचं स्टेशन रेस्टन, तेही आत्ता २०२२ ला परत उघडलं. आपल्याकडं २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी ओसंडून नाग नदी घराघरात शिरली, आमच्या भावाच्या घरी फ्रीज तरंगत होता, तेव्हा मला त्या आय नदीची आठवण झाली.

समुद्राचं राहिलं. आयमथ नावाचं मच्छीमारांचं बंदर आहे तिथं. १४ ऑक्टोबर १८८१, शुक्रवार. आठवडाभर वादळानं होड्या अडकून पडल्या होत्या, घरात पैसा नाही, त्या सकाळी समुद्र शांत दिसला पण बॅरोमीटर खाली उतरलेला होता, अनुभवी लोकांना ते समजत होतं, तरी एक होडी निघाली म्हणून दुसरी निघाली. दुपारी अंधारून आलं. पळत परत येणाऱ्या होड्या बंदराच्या तोंडाशी, धक्क्यावर उभ्या बायापोरांच्या डोळ्यांसमोर खडकांवर आपटून फुटल्या. त्या किनाऱ्यावरचे १८९ मच्छीमार गेले, त्यातले १२९ एकट्या आयमथचे. बंदरापाशी काशाचं एक लांबट शिल्प आहे, त्यात पुरुष एकही नाही, नुसत्या बाया आणि लेकरं, सगळ्यांची तोंडं समुद्राकडं. त्याच्यासमोर एक म्हातारा आइसक्रीम खात बसला होता, त्यानं आम्हाला कुठून आलात विचारलं. नागपूर म्हटलं, त्याला नाही समजलं. मी म्हटलं डन्सचा एक माणूस आमच्या गावात येऊन बुडाला, नाल्यात. तो म्हणाला नाल्यात? मग बराच वेळ मान हलवत राहिला.

निघायच्या आधी युनियन चेन ब्रिजवर गेलो. ट्वीडवरचा लोखंडी झुलता पूल, १८२० चा, १३७ मीटर, बांधला तेव्हा जगात त्याच्याएवढा लांब झुलता पूल गाड्यांसाठी दुसरा नव्हता, दुरुस्ती होऊन आमच्या जायच्या थोडं आधीच परत सुरू झाला होता. मधोमध उभं राहून एक पाय स्कॉटलंडात एक पाय इंग्लंडात, झिरो माइलला आपण पाहुण्यांना उभं करतो तसा बायकोनं माझा फोटो काढला.

आता साहेब मला तुमच्याकडून काय पाहिजे ते. पर्यटनाची पानं छापा, लोकांना आवडतात. पण सिकार पॉइंटवर बसल्या बसल्या मला जे आठवत होतं ते आपल्या बर्डीचं होतं. सीताबर्डीच्या टेकडीचा जुना छेद, म्हणजे उभा काप, पाहा, खाली नाइस नावाचा अतिप्राचीन खडक, त्यावर लमेटा नावाचे गाळाचे थर, त्यावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. मधला किती काळ गायब आहे त्याचा हिशोब केला तं सिकार पॉइंटचे सहा कोटी त्यात कुठल्या कुठं बुडून जातात. तिथं त्या एका सांध्यासाठी जगभरचे लोक पत्ताकोबीचा वास घेत चिखल तुडवत येतात, आणि इथं आपण त्याच्याच पायथ्याशी पार्किंग मिळत नाही म्हणून चिडचिड करून राहिलो. वरचा किल्ला लष्कराकडं आहे, वर्षातून मोजक्या दिवशीच उघडतो, ते मला समजते. पण त्या दिवशी पुरवणीत टेकडीच्या छेदाचं एक चित्र, खाली काय वर काय आणि ते पहिल्यांदा कोणी वाचलं, एवढं छापायला काय हरकत आहे? चित्र मी काढून देतो, फुकट, ३१ वर्षं तेच केलं.

टाकळीला मी परत आल्यावर दोनदा गेलो. वस्ती वाढली, प्लॉट पडले. एका ठिकाणी बोअरवेलच्या खोदकामातून निघालेला ढीग होता, त्यात काळ्या बेसाल्टमध्ये, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या दगडांत, एक पांढरट पातळ चिप्पड होतं, भिंगाखाली धरलं तं गोगलगायीचा शंख, नखाएवढा. तिथं खेळणाऱ्या एका पोट्ट्यानं विचारलं, काका काय शोधून राहिले, सोनं आहे का? मी त्याला भिंग दिलं. त्यानं पाहिलं, आणि म्हणाला हे तं शंख आहे, इथं समुद्र होता का? मी म्हटलं समुद्र नाही, तळं. तो म्हणाला, फुटाळ्यासारखं? मी म्हटलं हो, तसंच समज.

शंख त्यालाच दिला. दुसरा सापडला तो माझ्याकडं आहे, फोटो सोबत पाठवला आहे, सिकार पॉइंटचे सहा आणि पुलावरचा एक फोटोही मुलीनं मेल केला आहे, पोचले नसतील तं कळवा. आणि पुढच्या वेळी स्कॉटलंडचा नकाशा छापाल तेव्हा बर्फी डावीकडं समुद्रात लावा, तिकडं जागा भरपूर आहे.

आपला,
एक जुना वाचक आणि रिटायर्ड सर्वेअर,
प्रतापनगर, नागपूर